सभागृहाचा मुंजा

भुताला राहायला जागा लागते, ही साधी गोष्ट भूतविद्येवर ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांच्या नजरेतून सुटली असावी, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. आपल्याकडे या बाबतीत जी पुरातन वतनव्यवस्था चालत आली, तीत कोणाची वस्ती कुठे याचा कसलाही घोळ नव्हता: मुंजा पिंपळावर, हडळ ओढ्याच्या काठी, वेताळ गावाबाहेरच्या दगडांच्या रिंगणात, समंध आपण पुरून ठेवलेल्या धनावर, आणि कोकणातला देवचार काठी नि घोंगडी घेऊन शिवेवर; आणि ही वहिवाट इतकी पक्की, की वेताळाने मुंजाच्या पिंपळावर अतिक्रमण केल्याची फिर्याद कोणा मामलेदाराच्या कचेरीत आल्याचे ऐकिवात नाही. जिवंत माणसांच्या वाटण्या तीन-तीन पिढ्या कोर्टात लोंबकळत असताना मेलेल्यांनी हा प्रश्न परस्पर आणि कायमचा मिटवला होता.

पंचाईत झाली ती 1857 साली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, सरकारने कायदा करून मुंबईस एक विश्वविद्यालय स्थापन केले. आता विश्वविद्यालय म्हटले की सभागृह आले, सभागृह म्हटले की रात्री त्यात कोणीतरी फिरणे आले, परंतु ते कोणी फिरावे याविषयी कायदा मौन बाळगून आहे. त्यात कुलपती आहेत, कुलगुरू आहेत, परीक्षा आहेत, पदव्या आहेत. अशरीरी रहिवाशांची तरतूद तेवढी राहून गेली. पिंपळ गेला, ओढा बुजला, आणि त्यांच्या जागी ही घडीव दगडाची प्रचंड वास्तू उभी राहिली. तीत हक्क कोणाचा, हे ठरवण्याचे काम बिचाऱ्या भुतांवरच पडले.

खरे म्हणजे पहिली कित्येक वर्षे या विश्वविद्यालयापाशी भुताला देण्याजोगे छप्परही नव्हते. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे चौघे 1862 साली पहिले पदवीधर झाले, तेव्हा आज ओव्हल मैदानासमोर दिसणाऱ्या सभागृहाचा एक चिराही बसलेला नव्हता. पुढच्याच वर्षी कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. या घराण्याचे आडनाव ‘रेडीमनी’, म्हणजे आपल्या भाषेत ‘रोकडे’. इंग्रजांना हवी तेव्हा रोख रक्कम उभी करून देण्याच्या लौकिकावरून ते पडले, असे सांगतात. शैक्षणिक संस्थांना देणग्या जाहीर करून पुढे त्यांचे विस्मरण होऊ देणारी जी थोर परंपरा आज आपण पाहतो, तिच्या पार्श्वभूमीवर देणगीदाराचे आडनावच ‘रोकडे’ असावे, हा योग मला कोणत्याही भूतकथेपेक्षा अधिक अद्भुत वाटतो.

आराखडे करण्याचे काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे सोपवण्यात आले. स्कॉट हे त्या काळच्या इंग्लंडातले गॉथिक शैलीचे केवढे प्रस्थ. लंडनमधले सेंट पॅन्क्रस स्थानकाचे भव्य हॉटेल त्यांचे, आल्बर्टचे स्मारकही त्यांचेच. त्यांनी लंडनमध्ये बसून नकाशे काढले, नकाशे जहाजातून मुंबईस आले, मुंबईत दगडावर दगड चढला, 1874 मध्ये सभागृह पुरे झाले; आणि या सबंध अवधीत, किंवा त्याच्या आधी किंवा नंतर, स्कॉटसाहेबांनी मुंबईच्या भूमीवर पाऊल म्हणून ठेवले नाही. ज्याने जिन्याची पायरी न् पायरी मनात चढून पाहिली, ज्याला प्रत्येक कमानीचे टोक कुठे मिळते हे ठाऊक होते, असा मनुष्य या इमारतीत सदेह एकदाही आला नाही! माणसाच्या मागे राहिलेल्या वासनेवर भुते जगतात असे म्हणतात. इथे तर वासनाच आधी येऊन राहिली आणि माणूस आलाच नाही. या सभागृहाचा पहिला अशरीरी रहिवासी कोण, असा प्रश्न कोणी माझ्यापुढे ठेवला तर मी एवढेच विचारीन, की जागेचा नकाशा कोणाच्या नावे आहे?

आणि नकाशा काढताना त्यांनी आपल्या भावी बिरादरीची गैरसोय होऊ दिलेली नाही. एकशे चार फूट लांब, चव्वेचाळीस फूट रुंद आणि त्रेसष्ट फूट उंच असा तो दिवाणखाना. तीन बाजूंनी फिरणारा सज्जा. बाहेरच्या अंगाने वळसे घेत चढणारे उघडे जिने, ज्यांवर पुढचा माणूस मागच्याला नेहमी अर्धाच दिसतो. आणि रंगीत काचा, ज्यांतून मुंबईचे दुपारचे निर्दय ऊनसुद्धा मवाळ होऊन, काहीसे परलोकातून आल्यासारखे, फरशीवर पडते. इंग्रजी वाचकाला टोकदार कमान दिसली की तिच्याखाली भूत दिसते, कारण होरेस वॉल्पोलने 1764 मध्ये आपल्या कादंबरीत गॉथिक वाड्यात पिशाच्चे सोडली तेव्हापासून त्या शैलीची आणि त्या योनीची सोयरीकच जमून गेली आहे. आम्हां मराठी माणसांना मात्र कमानीचे भय वाटत नाही. आम्हांला भय वाटते ते त्या मोठ्या वर्तुळाकार खिडकीचे. तिच्या काचांत चितारल्या आहेत मेष ते मीन अशा बाराही राशी! पदवी हातात पडताच मनुष्याला प्रथम कोणाकडे जाऊन काय विचारावे लागणार, हे लंडनमध्ये बसलेल्या त्या गृहस्थांना कसे उमगले असेल, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

सभागृहाशेजारी ग्रंथालय, आणि ग्रंथालयाच्या माथ्यावर दोनशे ऐंशी फूट उंचीचा राजाबाई मनोरा. तोही स्कॉटचाच. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरांच्या बादशहाने आपल्या मातोश्रींच्या नावे त्यासाठी पैसा दिला. मातोश्रींना दिसत नव्हते, आणि जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे तर वेळ कळायला हवी, म्हणून चिरंजिवांनी घंटांचा मनोराच बांधवला, अशी कथा मुंबईत अजून सांगतात. देणगी दिली ती अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला असताना. यादवी संपली, 1865 च्या जुलैत शेअरबाजार कोसळला, प्रेमचंदशेठसह निम्मे शहर धुळीला मिळाले, आणि मनोऱ्याचा पाया घातला गेला तो यानंतर सुमारे चार वर्षांनी, 1 मार्च 1869 रोजी. म्हणजे बुडालेल्या संपत्तीने मरणोत्तर केलेले हे बांधकाम आहे. कुर्ल्याच्या पिवळसर दगडात उभे राहिलेले इतके उंच समंध दुसरीकडे कोठे पाहावयास मिळणार? इंग्रजी अमदानीत त्याच्या घंटांवर सोळा निरनिराळ्या चाली वाजत, आणि दिवसातून चारदा चाल बदले. आपल्याकडच्या कोणत्याही भुताला इतका गाता गळा नाही.

आता एक योग सांगतो, तो केवळ सनावळीचा आहे. तो मी जोडलेला नाही. मनोरा पुरा झाला 1878 च्या नोव्हेंबरात. स्कॉटसाहेब वारले 1878 च्या मार्चात. सर कावसजी जहांगीर वारले 1878 च्या जुलैत. ज्याने नकाशा काढला तो आणि ज्याने रोकड मोजली तो, दोघेही एकाच वर्षी, मनोऱ्याचा कळस पाहण्याआधी, दृष्टीआड झाले. कावसजींचा शिल्पकार वूलनरने घडवलेला पुतळा बाहेरच्या बागेत बसून आहे. तो ज्या निर्विकारपणे बसला आहे, त्यावरून त्यांना सारे ठाऊक असावे.

या मनोऱ्याविषयीच्या भूतकथा मात्र मी सांगणार नाही, कारण त्यांच्या मुळाशी 25 एप्रिल 1891 ची दुपार आहे. त्या दिवशी एकाच घराण्यातल्या बच्चूबाई आणि पिरोजबाई या दोन तरुण पारशी स्त्रियांचा मनोऱ्यावरून पडून अंत झाला. खटला झाला, शहर महिनोन् महिने हळहळले, आणि ते कसे घडले याचे समाधानकारक उत्तर कोणाला मिळाले नाही. पुढे केव्हा तरी सर्वसामान्य लोकांसाठी मनोऱ्याचा जिना बंद झाला. तिथे लेखणी खाली ठेवून, पायांतल्या वहाणा हातांत घेऊन, मी मुकाट्याने पुन्हा सभागृहाकडे वळतो.

सभागृहात वस्ती कोणाची, हा आपला मूळ प्रश्न. त्यावर मी माझ्या अल्पमतीप्रमाणे बराच विचार केला आहे. वेताळाचा दावा प्रथमदर्शनी भक्कम दिसतो, कारण पाठीवर बसून प्रश्न विचारणारा आणि ठाऊक असून उत्तर न दिल्यास डोक्याची शकले करणारा तो आद्य परीक्षकच होय. परंतु परीक्षेची जागा निराळी आणि पदवीदानाची निराळी, शिवाय आमच्या परीक्षांत उत्तर ठाऊक नसणाऱ्याच्याही डोक्याची शकलेच होतात, तेव्हा त्याचा अर्ज फेटाळणे भाग आहे. चकव्याचे काम, म्हणजे मनुष्याला रात्रभर एकाच जागेभोवती फिरवून पहाटे जिथून निघाला तिथेच आणून सोडणे, हे कोणत्याही संस्थेत गुणपत्रिकेच्या खिडक्या दिवसाउजेडी आणि अधिक तत्परतेने करीत असल्याने त्याची जरूरच उरलेली नाही. हाकामारी रात्री दारात येऊन नावाने हाक मारते; पदवीदानातही नावाने हाक मारतात; पण तिला ‘ओ’ दिली तर मनुष्य मरतो, आणि इथे ‘ओ’ दिल्यावर त्याला जगायला लागते. सारांश, राहता राहिला मुंजा.

आणि मुंजाचा हक्क धर्मशास्त्राने सिद्ध आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी जो बटू मेला, तो मुंजा. सोडमुंज म्हणजे समावर्तन: गुरुगृहीचे अध्ययन संपवून, स्नान करून, घरी परतण्याचा संस्कार, आणि ज्याने हे स्नान केले तो स्नातक. आजही पदवीधराला आपण स्नातक म्हणतो, जरी समारंभाच्या दिवशी भाड्याच्या काळ्या झग्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, तो जे करतो त्याला स्नान म्हणावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. तेव्हा पदवीदान सभागृह ही सबंध इलाख्याची सोडमुंज लावण्याची जागा होय. आणि ज्यांनी नाव घातले, शुल्क भरले, वर्षे बसले, पण जे कोणत्या तरी एका विषयात अडकून या दारापर्यंत कधीच पोचले नाहीत, ते सारे मुंजे, हयात असोत वा नसोत, इथे येऊन थांबणार नाहीत तर पिंपळावर जाणार काय? मुंजा हा निरुपद्रवी असतो, अंगणात खेळतो, क्वचित खडे मारतो आणि वर्षातून एकदा त्याच्या नावाने कोणी बटू जेवू घातला की संतुष्ट होतो, ही सर्व लक्षणे मला आमच्या वर्गातल्या तिसऱ्यांदा बसणाऱ्या मित्रांत तंतोतंत आढळली आहेत.

याहून चमत्कारिक एक वर्ग आहे, त्याची वासलात शास्त्राला लावता आलेली नाही. ‘गैरहजेरीत पदवी’ हा तो प्रकार. जे उमेदवार समक्ष आले नाहीत, त्यांना कुलपती व्यासपीठावरून, रिकाम्या हवेकडे पाहत, गंभीर स्वरात पदवी बहाल करतात. सभा उभी असते, लाल-निळे झगे स्तब्ध असतात, आणि जो इथे नाही त्याच्यावर संस्कार होतो. पिंडदानाखेरीज दुसरा असा विधी माझ्या माहितीत नाही. मी स्वतः याच वर्गातला आहे. त्या दिवशी मला ताप होता असे मी घरी सांगितले. खरे कारण झग्याचे भाडे. म्हणजे माझी सोडमुंज झाली, पण मी तिला नव्हतो. तेव्हा मी स्नातक की मुंजा, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि माझ्या हातून आजवर जे घडले त्यावरूनही निर्णय होत नाही.

आता थोडे आमच्या कॉलेजाच्या सभागृहाविषयी. त्याचे नाव सांगत नाही, कारण ते अजून चालू आहे. एका जिल्ह्याच्या गावी, लोखंडी कैच्यांवर पत्रे घातलेली ती लांबट इमारत. गॉथिकाशी तिचा संबंध म्हणाल तर वटवाघळांपुरता. तिच्यात ‘गाऊनवाला’ राहतो अशी ख्याती होती. समारंभाच्या आदल्या दिवशी मेलेला कोणी विद्यार्थी, अंगात भाड्याचा झगा, शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसलेला: असे वर्णन प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीस सोपवीत असे, आणि दरवेळी झगा थोडा अधिक लांब होई. रात्रीचा पहारेकरी मालवणकडचा, आम्ही त्याला तात्या म्हणत असू, त्याला विचारले तर तो विडी विझवून म्हणे, “भुताक कित्याक भियातास? तो बापडो बसान आसता. पान खावन थुकतास ते तुमी.” देवचाराच्या मुलखात वाढलेला मनुष्य, त्याला पहारा देणारा आणि पहारा देववणारा यांत फारसा फरक वाटत नसावा.

तात्याचा एकच नियम होता: रात्री रिकाम्या सभागृहात नावे पुकारायची नाहीत. आम्ही एकांकिकेच्या तालमीला रात्री तिथे जमत असू, आणि नियम म्हटला की तो मोडण्याचे वय होते. एका रात्री बाराच्या सुमारास आमच्यातल्या एकाने प्राध्यापकांचा विसरलेला हजेरीपट उचलला, रंगमंचावर उभा राहिला, आणि सरांच्या खर्जात वर्गाची नावे वाचू लागला. सात-आठ नावांपर्यंत आम्ही हसलो. नवव्या नावाला, शेवटच्या रांगेच्या काळोखातून, स्पष्ट आणि किंचित कंटाळलेला आवाज आला: “हजर.”

वाचणारा भीतीने वाचतच राहिला, आणि पुढेही काही नावांना तसेच उत्तर आले. त्यापुढच्या क्षणाचे वर्णन मी करीत नाही. व्यासपीठाला दोनच पायऱ्या होत्या आणि आम्ही सातजण होतो. दारापाशी तात्याने आम्हांस अडवले, कंदील घेऊन तो शांतपणे मागे गेला, आणि आमच्याच वर्गातल्या एका मित्राला दंडाला धरून घेऊन आला. हा गृहस्थ तालमीतून डुलकी काढायला मागच्या रांगेत गेला होता. तीन वर्षे रोज शेवटच्या बाकावर झोपून चार गैरहजर मित्रांची हजेरी चार निरनिराळ्या आवाजांत देण्याचा त्याचा शिरस्ता. त्या सवयीने त्याने झोपेतच उत्तरे दिली होती. सगळे हसले, चहा मागवला गेला. चहा पिता पिता तो म्हणाला, “पण मी चारच नावांना हजर म्हणतो.” आम्ही बोटे मोजली. आम्ही पाचदा ऐकले होते.

यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या वयात मोजदाद चुकते. मोजदादीचा खरा प्रश्न मला पुढे, पुष्कळ वर्षांनी कळला. काही कामानिमित्त मी कॉलेजाच्या कचेरीत गेलो असता तिथल्या वयोवृद्ध हेडक्लार्कांनी मोठ्या विश्वासाने मला डेड स्टॉक रजिस्टर दाखवले. मृतसाठ्याची ही वही प्रत्येक सरकारमान्य संस्थेत असते, आणि भुतांचा इतिहास लिहिणाऱ्याने ती प्रथम पाहावी. सभागृह उघडले तेव्हा खरेदी केलेल्या लाकडी खुर्च्या त्यात नोंदल्या आहेत: 412. आणि प्रतिवर्षी मोजणीत, वहीच्या समासात, निरनिराळ्या हस्ताक्षरांत, एकच आकडा: 411. दर वर्षी हिशेब तपासनीस तोच आक्षेप घेतात, दर वर्षी कचेरी तोच खुलासा करते की “सदर खुर्ची शेवटच्या रांगेत असून मोजणीच्या वेळी दिसून येत नाही.” हा खुलासा प्रथम कोणी केला, आणि शुद्धीवर असताना केला की काय, हे हेडक्लार्कांनाही माहीत नव्हते, पूर्वीचा मसुदा आहे म्हणून ते तोच पुढे चालवीत आले.

“मग ती खुर्ची वहीतून कमी का करीत नाही?” मी विचारले.

ते माझ्याकडे, अडाण्याकडे पाहावे तसे, पाहून म्हणाले, “साहेब, खुर्ची कमी करायची म्हणजे समितीपुढे ती समक्ष हजर करावी लागते. मोडकी आहे, निरुपयोगी आहे, असा पंचनामा व्हावा लागतो. जी समक्ष हजरच होत नाही, ती मोडकी आहे असे कोण लिहून देणार?”

मी वही पुन्हा उघडून पाहिली. खरेदीची किंमत बारा रुपये चार आणे, ती खोडून पुढे कोणीतरी नव्या नाण्यांत बारा रुपये पंचवीस पैसे केली आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: “वापरात.”